हात कणकेत, तोंडात तीनताल

पोळ्या लाटताना दोन्ही हात अडकलेले असतात, तोंड मात्र मोकळं असतं. हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ सहा महिने गेले.

सकाळचे पावणेसात झालेले असतात. बायको रात्रपाळी संपवून अजून यायची असते, लेक अजून उठायची असते. ओट्यावर कणकेचे अकरा गोळे असतात. लाटणं फिरतं आणि मी हळू आवाजात म्हणत असतो, "धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना." दिल्ली घराण्याचा हा कायदा, म्हणजे बदल करत वाढवत न्यायची बोलांची रचना, तबला शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. पोळी तव्यावर पडली की भरी, म्हणजे तालाचा भरीव भाग, उलटली की खाली, म्हणजे हलका. पहिल्या गोळ्याला बराबर लय, चौथ्यापासून दुगुन, म्हणजे दुप्पट. अकरावी पोळी डब्यात जाते तेव्हा एखादा पलटा, म्हणजे त्याच बोलांची वेगळी मांडणी, नवीन सुचलेला असतो आणि आतल्या खोलीतून "बाबाऽ" अशी हाक आलेली असते.

आम्ही मिरजेत राहतो. बायको भूलतज्ज्ञ आहे. लेक आठ महिन्यांची झाली आणि बायकोच्या ड्यूट्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी 2023 मध्ये, मी पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली. एका संध्याकाळी वही घेऊन दोघांनी हिशेब मांडला. तिच्या कामाला रात्री-अपरात्री धावावं लागतं, माझं काम उद्यावर ढकललं तरी कुणाचा जीव जात नाही. बोलणं तेवढ्यावर संपलं. त्या निर्णयाचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

पण त्या पहिल्या सहा महिन्यांत माझं माझं असं काहीच उरलं नव्हतं, हेही खरं. नाचणीचं सत्त्व, लंगोट, लस, मऊ भात, अंघोळ, झोप, पुन्हा मऊ भात. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभरात आपण बाराखडीपलीकडचं काही बोललोच नाही असं वाटायचं. तबला कपाटावर होता, गवसणीत बांधलेला. कॉलेजात असताना मी रोज तीन तास वाजवायचो. युवा महोत्सवात दोनदा बक्षीसही मिळालं होतं. मग नोकरी लागली, पुण्यात भाड्याची खोली, भिंतीपलीकडचे शेजारी, आणि तबला वर चढला तो चढलाच. लेक झाल्यावर मी गृहीतच धरलं, की आता तो ती शाळेत जाईपर्यंत तरी खाली येत नाही.

अडचण अशी होती, की ती झोपली की मला वेळ असायचा, पण आवाज करायची सोय नसायची. दुपारी सव्वा ते अडीच घर असं शांत असायचं, की नळाचं टपटपणं ऐकू यावं. त्या वेळात दाया-बायावर, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यावर किंवा डाव्या हाताच्या डग्ग्यावर, बोट ठेवणं शक्य नव्हतं. ती जागी असली की आवाजाला हरकत नसायची, पण हात रिकामे नसायचे. एक तरी तास सलग मिळाल्याशिवाय रियाज होत नाही, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की मी तो तास शोधत राहिलो आणि तो काही सापडला नाही.

ऑगस्टमध्ये एकदा दुपारी ती काही केल्या झोपेना. बाहेर पाऊस, लाइट गेलेले, मांडीवर ती कुरकुरतेय. थोपटता थोपटता माझ्या तोंडून दादरा निघाला. धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन झोक्यांत. तळहात तिच्या पाठीवर पडत होता, पहिल्या मात्रेला जरा भरीव, चौथीला हलका. दहा-बारा आवर्तनांत, म्हणजे तालाच्या फेऱ्यांत, तिचे डोळे मिटले. मला बरं वाटलं आणि नकळत लय थोडी चढली. तिने डोळे उघडले.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा जरा कुठे पुढे सरकलो, की पापण्या हलायच्या.

हे सगळं मला तपशिलात सांगावंसं वाटतं, कारण तबल्यातलं इतकं मोठं शिक्षण मला त्याआधी मिळालं नव्हतं. आमचे गुरुजी वर्षानुवर्षं एकच तक्रार करायचे, "तू पळतोस." मी वेगात वाजवायचो, टाळ्याही पडायच्या, पण विलंबित, म्हणजे संथ लयीत ठेका, म्हणजे तालाचे साधे मूळ बोल, धरून बसायला सांगितलं की आठ-दहा आवर्तनांत माझा हात पुढे जायचा. गुरुजींची मान हलायची. वीस मिनिटं नुसता ठेका, एक बोलही जास्तीचा नाही, असं वाजवायला लावत आणि मला ती शिक्षा वाटे. आता दीड वर्षाचंही नसलेलं एक मूल माझी लय तपासत होतं, आणि त्याला खोटं चालत नव्हतं. त्या पावसाळ्यात मी रोज दुपारी अर्धा तास तिच्या पाठीवर ठेका धरला. दादऱ्यावरून केरव्यावर आलो. मग झपतालाचा प्रयोग केला, पण दोन-तीन-दोन-तीनचा झोका तिला पसंत पडला नाही. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पाठीवर पडायची आणि खालीला तळहात नुसता टेकायचा. ती झोपली तरी मी थांबत नसे.

तिथून पढंत सुरू झाली. पढंत म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं, हाताने टाळी-खाली दाखवत. तबल्याची सगळी भाषा उच्चारता येते, म्हणून तर ती पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरातून पुढे आली. गुरुजी म्हणायचे, जे तोंडात नाही ते हातात येणार नाही. मी विद्यार्थी असताना पढंत टाळायचो. वाजवून दाखवतो ना, मग म्हणायचं कशाला, असं वाटायचं. आता वाजवण्याची सोयच नव्हती आणि म्हणण्याला दिवसभर मोकळीक होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, लक्ष्मी मार्केटातून भाजी घेऊन तिला कडेवर घेऊन येताना मी बोल म्हणायला लागलो. बोटं चुकली की आवाजात लपवता येतं. तोंडाने म्हणताना "तिरकिट"मधला एक जरी अक्षरठोका गडबडला, तर तो गडबडलेलाच ऐकू येतो. कॉलेजात मी जे कायदे झपाट्याने वाजवत होतो त्यांतले निम्मे मला नीट म्हणता येत नव्हते, हे स्वयंपाकघरात कळलं. मग ते मुळापासून घेतले. कणीक मळताना विलंबित, लाटताना मध्य. एक गत, म्हणजे बांधीव रचना, तर आठवडाभर नुसती घोळवली आणि शुक्रवारी दुधाची पिशवी कापताना ती तिहाईसकट, म्हणजे तीनदा म्हणायच्या शेवटच्या तुकड्यासकट, समेवर येऊन बसली. आनंदाने मी लेकीला उचलून घरभर फिरलो. तिला कारण कळायचं कारणच नव्हतं, पण ती खळखळून हसली.

16 डिसेंबर 2024 ची सोमवारची सकाळ मला आठवते. आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले, ही बातमी पक्की झाली होती. त्या दिवशी त्यांची गोष्ट सगळीकडे पुन्हा सांगितली गेली, त्यांनी स्वतःच मुलाखतींतून अनेकदा सांगितलेली. त्यांचा जन्म झाल्यावर बाळाला वडिलांच्या हातात दिलं. रीत अशी, की बापाने बाळाच्या कानात प्रार्थना म्हणायची. अल्लारखाँसाहेबांनी कानाशी तोंड नेलं आणि तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली. हीच माझी प्रार्थना, असं ते म्हणाले.

ही गोष्ट मी पूर्वीही ऐकली होती. तेव्हा ती मला एका थोर कलावंताच्या घरातली आख्यायिका वाटली होती. त्या सकाळी दुधाचा पेला हातात धरून, पायाशी ठोकळे पसरून बसलेल्या अडीच वर्षांच्या लेकीकडे बघत ऐकली, आणि घशाशी आवंढा आला. खाँसाहेबांच्या जवळपास फिरकायचीही माझी योग्यता नाही. पण बाळाच्या कानाशी बोल म्हणताना त्याची नजर कशी स्थिर होते, श्वास कसा बदलतो, हे मी पाहिलं होतं.

तिचं दूध संपल्यावर मी स्टुलावर चढून तबला खाली काढला.

गवसणीला बुरशीचा वास येत होता. डग्ग्याचं तांबं काळवंडलेलं. दायाची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल, आणि शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, टवका निघालेला. बोट टाकलं तर पत्र्यासारखा आवाज आला. लेकीने हात लावला आणि विचारलं, "बाबा, हे काळं काय?"

मिरजेत राहण्याचं भाग्य असं, की अशा वेळी लांब जावं लागत नाही. सतारमेकरांच्या गल्लीत दीडेकशे वर्षं सतारी आणि तानपुरे घडताहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात स्थायिक झाले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. तबल्याची दुरुस्ती करणारे एक चाचा मला माहीत होते. लेकीला स्कूटरवर पुढे उभी केली, तबला पिशवीत घालून खांद्याला लावला आणि गेलो.

चाचांनी दाया मांडीत घेतला, वादी, म्हणजे कातड्याची दोरी, सोडली, जुनी पुडी उतरवली. नवी चढवायला आणि शाई भरायला चार दिवस लागतील म्हणाले. शाई भरताना बघायचंय, असं मी सांगितलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. आम्ही दोघं पायरीवर बसलो. वाटीत काळा लगदा होता, लोखंडाचा बारीक कीस आणि खळ एकत्र मळलेली. चिमूटभर घ्यायचा, पुडीच्या मधोमध बोटाने गोल पसरायचा, आणि मग गुळगुळीत दगडाने घासायचा. घासत राहायचं, थर सुकेपर्यंत. मग पुढचा थर, आधीच्यापेक्षा जरा लहान. मध्येच ते बोटाने ठोकून ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. घासून घासून शाईवर केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पडाव्याच लागतात. अखंड कडक थर असता तर कातडं मोकळं थरथरलं नसतं. लेक पाऊण तास जागची हलली नाही. तिसऱ्या थरानंतर चाचांनी तिच्या हातात दगड दिला आणि स्वतःचा हात वर ठेवून चार फेरे घासू दिले.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला कळेल तेव्हा मी सांगणार आहे. कुठल्याही साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत, म्हणून ढोल नुसता घुमतो. तबल्याच्या मधोमध हे काळं वजन बसलं की ते सूर मूळ सुराच्या पटीत येतात, आणि तबला गाऊ लागतो. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली हे मांडलं. आमच्या कारागिरांच्या कानांना ते त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होतं.

तबला काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावून घरी आला. पहिल्या दिवशी माझी बोटं दहा मिनिटांत दुखायला लागली. तर्जनीचं टोक लाल झालं. तळहाताला घाम आला म्हणून पावडर शोधली, तर घरात एकच होती, लेकीची. तेव्हापासून आमच्या तबल्याला लहान बाळाचा वास येतो. वाजवायला बसलो की ती समोर येते, डग्ग्यावर दोन्ही तळवे आपटते, आणि मी दायावर तिच्या मागून जातो. सलग तास मला आजही मिळत नाही. पंधरा मिनिटं मिळतात, कधी सात. पण दिवसभर तोंडात घोळलेलं असतं, त्यामुळे बसल्या बसल्या हात थेट त्या जागेवर जातो, चाचपडत बसत नाही. तिरकिटला ती "तिलकित" म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

तबला सुरू झाला तसं कौतुकही सुरू झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घर सांभाळून छंद जोपासता, कमाल आहे हो तुमची." सासऱ्यांनी फोन करून शाबासकी दिली. बायकोच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ मागवले. ऐकून सुख वाटायचं, का नाही वाटणार. पण एका रविवारी आई जयसिंगपूरहून आली होती. मी वाजवत असताना ती पलीकडे बसून मेथी निवडत होती, आणि मी कायदा संपवून समेवर आलो त्याच क्षणी तिची मान हलली. अचूक. माझा हात थांबला.

माझ्या आईने लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण दिली होती. गाणं आणि पेटी. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं तिचं माहेरचं आडनाव माहीत होतं, तसं. तिची साडेतीन सप्तकांची पेटी आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर होती. दिवाळीच्या साफसफाईला खाली यायची, पुसली जायची, पुन्हा वर जायची. मी सहावीत असताना मला तबल्याच्या क्लासला घातलं ते तिनेच. फी तिनेच भरली, पावसात रेनकोट घालून सोडायला तीच यायची. या सगळ्या वर्षांत, तुझ्या पेटीचं काय, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. वडिलांनी नाही, आजीने नाही, कुणीच नाही. तिनेही घरच सांभाळलं होतं. चार माणसांचं, तीस वर्षं, आणि तिच्या हाताखाली मिक्सरसुद्धा उशिरा आला. तिला कुणी फोन करून शाबासकी दिली नाही.

2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे मी नंतर वाचले. दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. त्या बायकांची सरासरी 299 मिनिटं, त्या पुरुषांची 97. त्या 299 मिनिटांत काय काय मावतं आणि काय काय मावत नाही, हे मला आता हातांना माहीत आहे. म्हणून ते आकडे वाचताना मला आईचे हात दिसले, मेथीच्या काड्या मोडणारे, आणि समेवर थांबलेले.

मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात जयसिंगपूरला जाऊन माळ्यावरून पेटी काढली. भाता उंदरांनी कुरतडलेला, तीन पट्ट्या दाबलेल्याच राहत होत्या, आणि मंद्रातला एक सूर मुका. तीही मिरजेतच दुरुस्त करून घेतली. सूर साफ करून लावायला, भाता नवा बसवायला महिना गेला. मग आईला म्हटलं, "आई, मला लेहरा धरायला कुणी नाही. चार दिवस राहायला ये."

लेहरा म्हणजे तबलावादकाला धरून ठेवणारी सुरांची ओळ. तीनतालात सोळा मात्रांची. तबला काय वाटेल ते करत असतो, तेव्हा पेटीवाला तीच ओळ त्याच लयीत फिरवत राहतो, म्हणजे सम हरवत नाही. मी तिला हे समजावून सांगायला लागलो.

"तेच तेच वाजवायचं ना?" ती म्हणाली. "ते मला येतं."

संध्याकाळचे सात वाजले होते. तिने पेटी पुढ्यात ओढली, पदर खोचला, आणि कितीतरी वेळ नुसता भाता हलवत राहिली, एकही पट्टी न दाबता. मग चंद्रकंस रागातली ओळ लागली. पहिल्या आवर्तनात बोट दोनदा घसरलं. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यापासून ओळ फिरू लागली, जुन्या जात्यासारखी, आधी खरखरत आणि मग सुरळीत. मी पेशकार, म्हणजे सुरुवातीची संथ रचना, सुरू केला. लेक आमच्या मध्ये चटईवर बसून आजीच्या बोटांकडे आणि माझ्या बोटांकडे आळीपाळीने बघत होती. पेशकारानंतर धाधा तिट घेतला, तोच, पोळ्यांचा. दोन पलटे झाले, तिसऱ्याला मी हात घातला.

तेवढ्यात आईचं बोट शुद्ध निषादावरून कोमल निषादावर उतरलं.

मला वाटलं चुकली. पुढच्या आवर्तनात ती पुन्हा तिथेच उतरली, आणि या वेळी थांबली. एका सुराने चंद्रकंसाचा मालकंस झाला होता. लेहऱ्याची ओळ सुटली आणि मध्यमावरून एक बंदिश निघाली, छोट्या ख्यालाची, मी आयुष्यात तिच्या तोंडून कधी न ऐकलेली. गात नव्हती ती. ओठ हलत होते, आवाज नव्हता, शब्द बोटांतून येत होते. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, पेटीवरही नव्हते.

मी तिसरा पलटा सोडून दिला आणि ठेक्यावर आलो. धा धिं धिं धा. साधा तीनताल, एक बोल जास्तीचा नाही. हात पुढे पळू दिला नाही. तिने अंतरा घेतला, परत आली, एक लहानशी तान घेतली, ती अर्ध्यात तुटली, पुन्हा घेतली. लेकीने नवव्या मात्रेला हात उलटा केला, मी स्वयंपाकघरात करतो तसा.

कुकर लावायचा राहून गेला. बायको ड्यूटीवरून आली तेव्हा साडेनऊ झाले होते, आणि त्या रात्री आम्ही चौघांनी दूध-पोहे खाल्ले.